कासच्या फुलांचा जांभळा रंग निळा दिसतोय, मदत हवी आहे

सप्टेंबरमध्ये कास पठारावर गेलो होतो, धुकं होतं आणि सीतेची आसवं ही फुलं नुसती पसरलेली. डोळ्याला जो निळसर जांभळा दिसला तो फोटोत सरळ निळा आलाय, तेरडा आणि सोनकी मात्र जशीच्या तशी आलीत.

सगळे फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) आहेत, एडिटिंग लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये. व्हाइट बॅलन्स (फोटोचा रंग एकूण उबदार की थंड ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून क्लाउडीवर नेला तर सोनकी नारिंगी व्हायला लागली आणि धुकं पिवळट. मग निळ्याचा ह्यू (छटेचा) स्लायडर जांभळ्याकडे ओढला, फुलं बऱ्यापैकी जमली, पण मागचं धुकंही जांभळं झालं आणि पाकळ्यांच्या कडेला करडी रेघ उमटली, झूम केलं की फारच खटकते. कॅमेरा प्रोफाइल (रॉमधले रंग कसे दाखवायचे ते ठरवणारी सेटिंग) अडोबी कलरवरून न्यूट्रलवर बदलून पाहिलं, थोडाच फरक.

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (खरे रंग दाखवील असा जुळवलेला) नाही, पण मोबाईलवरही निळाच दिसतो म्हणजे दोष स्क्रीनचा नसावा. ग्रे कार्ड (रंग जुळवायला फोटोत धरायचं करडं कार्ड) नेलं नव्हतं आणि या सीझनला परत जाणं शक्य नाही. आईसाठी १२ बाय १८ ची प्रिंट काढायचीय, तिने ही फुलं कधी पाहिली नाहीत त्यामुळे रंग खरा हवाय.

धुक्याला हात न लावता फक्त फुलांचा रंग बदलायला कलर रेंज मास्क (ठराविक रंगाचाच भाग निवडणारा) बरा पडेल, की आधी प्रोफाइलच वेगळं बनवावं लागेल? आणि मास्क लावला तर ती करडी कड कशी टाळायची?