उसाच्या गाडीचे बैल कुणी मोजायचे?

"बैल पोटच्या पोरासारखा जपतात, मग छळ कसला?" असं बैलगाडा शर्यतींच्या चर्चेत एकानं लिहिलंय, ते निम्मं पटलं. शर्यतीच्या बैलाला दूध-अंडी मिळतात, हे आमच्या आजोळी पाहिलंय. घरातल्या पोरांना मिळत नव्हती. पण त्याच बैलाचं शेपूट घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, दातांनी चावलेलंही पाहिलंय, पराणीची (टोचायच्या अणकुचीदार काठीची) गोष्ट वेगळीच. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली ती असल्याच प्रकारांमुळे. २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी मिळाली, ती अटींसकट. चाबूक, काठी, करंट चालत नाही. या अटी गाडामालकांनाच पाठ असायला हव्यात, बघ्यांना नव्हे.

मला खटकतं ते दुसरंच. शर्यत मिनिटभरात उरकते, त्यावर शंभर प्रतिसाद. दिवाळीपासून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, ऊस ओढणाऱ्या बैलांवर मात्र चकार शब्द नाही. आमच्या फाट्यावर चढ आहे. तिथं भरलेल्या गाडीचा बैल गुडघ्यावर आलेला लहानपणी दर हंगामात दिसायचा, खांदे सोललेले. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. मार्चमध्ये सोलापूरकडं जाऊन हे कुणाला सांगून बघा! गाडीवान हसेल, आणि त्याचंही चुकत नाही. त्याची आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, खेपा मोजूनच पैसे मिळतात.