आठ वर्षांच्या लेकीला चर्चचा सगळा इतिहास आधी सांगायचा की नंतर?

ओंजळ

बरेच दिवस लिहू का नको करत होते. आम्ही युटामध्ये राहतो, प्रोव्होच्या जवळ. मी साताऱ्याची, नवरा इथलाच, पाच पिढ्यांच्या मॉर्मन घरातला. (२०१८ पासून चर्च सांगतं की मॉर्मन म्हणू नका, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स असं पूर्ण नाव घ्या, पण आमच्या घरात अजून जुनाच शब्द चालतो म्हणून तोच लिहितेय.) लेक मार्चमध्ये आठची होईल. यांच्यात आठवं हे बाप्तिस्म्याचं वय, त्या वयात मुलाला बरंवाईट कळायला लागतं अशी शिकवण आहे. सासूबाईंनी पांढरा ड्रेस शिवायला घेतलाय आणि नवरा त्या विषयावर एक शब्द बोलत नाही.

तो का बोलत नाही ते सांगते. त्याचं सगळं लहानपण चर्चमध्ये गेलं. रविवारी प्रायमरीचा (लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचा) वर्ग, सोमवारी संध्याकाळी घरात सगळ्यांनी एकत्र बसून धडा, हायस्कूलला चार वर्षं सेमिनरी, म्हणजे धर्मशिक्षणाचा तास. इथे शाळेला लागूनच सेमिनरीची इमारत असते, एक तास मुलं शाळेतून उठून तिकडे जातात, १९१२ ला सॉल्ट लेकच्या ग्रॅनाइट हायस्कूलपासून ही पद्धत सुरू झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास आणि मग ज्याला वाटेल त्याने पुढे येऊन साक्ष द्यायची. लहान मुलंही जातात. माईकपर्यंत हात पोचत नाही, आईबाप कानात सांगतात आणि मूल म्हणतं, मला माहीत आहे की हे चर्च खरं आहे. याने चार वर्षांचा असताना म्हटलं होतं. सासूबाई अजून कौतुकाने सांगतात.

मग ऑगस्ट २०१५. चर्चने स्वतःच एका दगडाचा फोटो प्रसिद्ध केला, चॉकलेटी रंगाचा, अंड्याएवढा. चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथने यांचा धर्मग्रंथ बुक ऑफ मॉर्मन सांगताना हा दगड टोपीत ठेवायचा, टोपीत तोंड घालून बघायचं आणि लिहिणाऱ्याला मजकूर सांगायचा, असं त्याची बायको एमा आणि सुरुवातीचा साथीदार डेव्हिड व्हिटमर दोघांनीही पुढे सांगून ठेवलंय. नवऱ्याने जन्मभर जे चित्र बघितलं त्यात जोसेफ टेबलाशी बसलाय, ज्यांच्यावर तो ग्रंथ कोरलेला होता असं मानतात ते सोन्याचे पत्रे समोर उघडे आहेत आणि तो बोट फिरवत वाचतोय. ब्राझीलमध्ये दोन वर्षं मिशनवर (धर्मप्रचाराला) असताना तेच चित्र त्याने दारोदार दाखवलं. त्या रात्री तो मला म्हणाला, दगड होता का चष्मा होता (पत्र्यांसोबत मिळाला असं सांगतात तो) याचं मला काही वाटत नाही, पण मी लोकांना चुकीचं सांगितलं आणि माहीत आहे असं म्हणून सांगितलं. तेव्हा तो ३१ चा होता. पुढचे कितीतरी महिने तो रात्र रात्र वाचत बसायचा.

माझं मत स्पष्ट आहे. मुलीला आत्ताच सांगायचं, तिला झेपेल तेवढं, आणि बाप्तिस्मा दोन-चार वर्षं पुढे ढकलायचा. तुम्हाला काय वाटतं?

पानगळ

ताई, मला हे पटलं नाही. लहान मुलाला आधी गोष्ट लागते. आपल्याला कोणी ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली हे सांगताना सोबत पुरावे दिले होते का? रेड्याने वेद म्हटले हे ऐकत आपण मोठे झालो, नंतर कॉलेजात कळलं की चरित्र कसं घडतं, चमत्कार कुठून येतात. माझी ज्ञानेश्वरी त्यामुळे सुटली नाही, उलट जास्त जवळची झाली. पण ती आधी जवळ होती म्हणून झाली ना. आठव्या वर्षी चिकित्सा हातात दिली तर मुलीकडे धरायला काहीच उरणार नाही. आणि खरं सांगू का, दुखणं नवऱ्याचं आहे आणि औषध तुम्ही मुलीला देताय.

ओंजळ

@पानगळ, शेवटचं वाक्य लागलं. त्यात थोडं खरंही आहे, मान्य.

पण भिंतीची तुलना नाही पटत. मला चार वर्षांची असताना कोणी उभं करून भिंत चालली हे मला माहीत आहे असं चारशे लोकांसमोर वदवून घेतलं नाही. भिंत चालली की नाही यावर आजीचं आळंदीला जाणं अवलंबून नव्हतं. इथे श्रद्धा सगळी घटनांवरच उभी केलीय, १८२० साली न्यूयॉर्क राज्यात पाल्मायराजवळच्या रानात चौदा वर्षांच्या जोसेफला देव दिसला का, पत्रे खरंच होते का. त्यांचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी २००२ मध्ये परिषदेत उघड सांगितलं होतं की तो साक्षात्कार एक तर घडला किंवा नाही घडला, आणि नसेल घडला तर हे सगळं काम फसवणूक आहे. इतकं वजन इतिहासावर टाकल्यावर मग तो नीट सांगायची जबाबदारीही तेवढीच मोठी नाही का?

भीमाकाठ

मी स्वतः या चर्चचा सभासद आहे. मूळचा सोलापूरचा, आता हैदराबादला, बावीसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे लहानपणीचा अनुभव माझ्याकडे नाही पण आता माझी दोन मुलं याच वर्गांत शिकतायत म्हणून लिहितो.

लपवलं हा शब्द ताईंनी वापरला नाही पण सूर तोच आहे आणि तो मला अन्यायाचा वाटतो. टोपीतला दगड १९९३ साली चर्चच्याच मासिकात आलाय, लिहिणारे रसेल नेल्सन, जे पुढे अध्यक्ष झाले. २०१३ ते २०१५ मध्ये अवघड विषयांवर चर्चने स्वतः निबंध काढले. जोसेफच्या बायका ३० ते ४० असाव्यात, त्यातल्या हेलन मार किंबलला पंधरावं पण पूर्ण झालं नव्हतं, हे त्यात सरळ छापलंय. जोसेफ स्मिथ पेपर्सचे २००८ ते २०२३ मध्ये २७ खंड निघाले, त्याच्या वह्या, पत्रं, सगळं नेटवर फुकट. २०१६ ला चर्चचे एक वरिष्ठ नेते बॅलर्ड यांनी सेमिनरीच्या शिक्षकांना सांगितलं की त्याची काळजी नको करू असं म्हणून विद्यार्थ्याचा प्रश्न उडवून लावायचे दिवस गेले. अजून काय करायला हवं?

आणि इतिहास म्हटला की दगड आणि बायका एवढंच का निघतं? १८३८ ला मिसूरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा असा लेखी हुकूम काढला, तीनच दिवसांत हॉन्स मिलला १७ जणांना मारलं, त्यात दहा वर्षांचं पोर होतं. तो हुकूम रद्द व्हायला १९७६ उजाडलं. १८५६ ला हातगाड्या ओढत निघालेल्या दोन तुकड्या वायोमिंगच्या बर्फात अडकल्या, दोनशेच्या वर माणसं गेली. या लोकांनी श्रद्धेसाठी काय सोसलं ते मुलीला कोण सांगणार? अजून एक, ह्यू फिंडले नावाचा मिशनरी १८५० च्या दशकात मुंबईला आणि पुण्याला येऊन राहिला होता, म्हणजे आपल्या मातीशी संबंध कालचा नाहीये.

ओंजळ

@भीमाकाठ दादा, हातगाड्यांची गोष्ट आमच्या घरातलीच आहे. नवऱ्याची खापरपणजी त्यात होती. तेरा वर्षांचा असताना लांब कपडे घालून त्याने तीन दिवस हातगाडी ओढली होती, इथे वॉर्डातल्या (स्थानिक मंडळीतल्या) मुलांना नेतात तसं. तो आठवणीने रडतो अजून, आणि ही गोष्ट मुलीला पाठ आहे.

पण त्याला कोणी हे नाही सांगितलं की त्याच्या पुढच्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८५७ ला, दक्षिण युटात माउंटन मेडोजला मॉर्मन मिलिशियाने (स्थानिक सशस्त्र दलाने) कॅलिफोर्नियाला निघालेल्या १२० च्या आसपास लोकांना पांढरं निशाण दाखवून बाहेर काढलं आणि मारलं. बायका-मुलंसुद्धा. एक माणूस, जॉन ली, तेवढा वीस वर्षांनी फासावर नाही पण गोळ्या घालून मारला गेला. एकच मुलगा, एकच सेमिनरी, हॉन्स मिल शिकवली आणि हे नाही. त्याने एकदा शिक्षकांना विचारलं होतं, ते म्हणाले मुक्ती याच्यावर अवलंबून नाही. शिक्षक वाईट नव्हते हो, त्यांनाही कोणी शिकवलं नव्हतं.

१९९३ च्या मासिकाचं म्हणाल तर मासिक घरात कोपऱ्यात पडतं आणि चित्र भिंतीवर असतं. मूल चित्रातून शिकतं.

नगरकर

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, चौथी पिढी. आजी सांगायची तिच्या आजोबांना मिशनवाल्यांनी काय दिलं आणि काय सोडायला लावलं, दोन्ही सांगायची, एकाच बैठकीत, भाकरी थापता थापता. त्यामुळे आम्हाला मोठेपणी धक्का वगैरे बसलाच नाही. मी ओंजळताईंच्या बाजूने.

पण मला दुसरंच विचारायचंय. तुमची लेक रंगाने कशी आहे? विचारायचं कारण असं की बुक ऑफ मॉर्मनमध्ये लेमनाइट नावाच्या एका जमातीच्या लोकांना शाप म्हणून काळी कातडी मिळाली अशी जागा आहे. दुसऱ्या एका जागी पश्चात्ताप केल्यावर ते गोरे आणि देखणे होतील असं होतं, १९८१ च्या आवृत्तीत गोरे काढून शुद्ध हा शब्द घातला. आणि १९७८ पर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद मिळत नव्हतं. ती हे वाचेल तेव्हा शेजारी कोण बसलेलं असेल?

ओंजळ

माझ्यावर गेलीय. सावळी.

हेच मला रात्री झोपू देत नाही आणि मी मूळ पोस्टमध्ये लिहायचं टाळलं. नवऱ्याला दगडाचं दुःख आहे, मला हे.

भीमाकाठ

@नगरकर, प्रश्न योग्य आहे. मीही सावळाच आहे आणि ती जागा मुलांबरोबर वाचायची वेळ माझ्यावर आलीय. मी त्यांना सांगितलं की याजकपदाच्या बंदीसाठी पूर्वी जी कारणं दिली जायची, शाप वगैरे, ती चर्चने २०१३ च्या निबंधात स्पष्ट नाकारली आहेत. मोठी म्हणाली, मग आधीचे अध्यक्ष चुकले का? मी हो म्हटलं. चर्चचे एक वरिष्ठ नेते उक्टडॉर्फ यांनीही २०१३ ला परिषदेत म्हटलंय की चर्चच्या माणसांकडून चुका झाल्यात. ती त्याच रविवारी माझ्याबरोबर प्रार्थनेला आली. म्हणजे सांगून श्रद्धा जाते असं नाही, यावर मी आणि ओंजळताई बहुतेक एकच बोलतोय. माझा विरोध फक्त पुढे ढकलण्याला आहे. बाप्तिस्मा म्हणजे सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याचा दाखला नाही, ते चालायला सुरुवात करणं आहे.

पानगळ

+१. आणि नवऱ्याचं मत कुठेय या सगळ्यात? आम्ही सगळे बोललो, त्याचं घर त्याचं बालपण आणि तोच गप्प.

साधा माणूस

माहितीसाठी, नऊ पूर्ण झाल्यावर बाप्तिस्मा घेतला तर चर्च त्याला नव्याने आलेल्याचा बाप्तिस्मा धरतं, मिशनरी येऊन धडे घेतात, एवढाच फरक. दार बंद होत नाही. त्यामुळे मार्च ही काही शेवटची तारीख नाही, ड्रेस मात्र लहान होईल. सासूबाईंशी भांडण करू नका, त्यांना त्यांच्या आईने जे दिलं तेच त्या देतायत.

ओंजळ

सगळ्यांचे आभार. पानगळ म्हणाल्या ते डोक्यात राहिलं म्हणून काल रात्री हा धागा नवऱ्याला मराठीतून इंग्रजीत करत वाचून दाखवला, दीड तास लागला. भीमाकाठ दादांच्या मुलीचं ऐकून तो बराच वेळ बोलला नाही.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात होते तर बाहेर तो मुलीला घेऊन बसलेला. त्या दगडाचा फोटो दाखवला, टोपीचं सांगितलं, मग भिंतीवरचं चित्र दाखवून म्हणाला हे काढणारा तिथे नव्हता, मला लहानपणी असंच सांगितलं होतं आणि मी पण तसंच सांगत फिरलो. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, आजीला माहितेय का हे?

तो म्हणाला मला नाही माहीत, मी तिला कधी विचारलंच नाही. रविवारी जेवायला जातोय त्यांच्याकडे, तिघंही. तो विचारणार आहे.