रेडिओ वॉर्नरचा, टेंभा स्वतंत्रपणाचा!

मिनेसोटाकर (धागाकर्ता): काल इथेच एकाने ठोकून दिलं की सिॲटलच्या मॅकलमोर आणि रायन लुईस या रॅप जोडीने ‘कुठल्याही कंपनीच्या दारात न जाता’ जग जिंकलं. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. 2012च्या ऑक्टोबरात त्यांचा ‘द हाइस्ट’ अल्बम आला आणि बिलबोर्डच्या अमेरिकी खपाच्या यादीत थेट दुसरा. इथवर शाबासकी त्यांचीच. पण त्यातलं ‘थ्रिफ्ट शॉप’ गाणं देशभरच्या रेडिओवर वाजवून घ्यायला वॉर्नर या बड्या संगीत कंपनीची माणसं पैसे देऊन लावली होती, हे का लपवायचं? स्टेशनवाल्यांशी ज्यांची रोजची ऊठबस, त्यांचंच गाणं वाजतं.

त्यापेक्षा आमच्या मिनिॲपोलिसची रॅप जोडी ॲटमॉस्फिअर बघा. स्लग शब्दांचा, अँट बीट्सचा. मित्रांबरोबर राइमसेयर्स ही स्वतःची कंपनी उभी केली, 1997ला ‘ओव्हरकास्ट!’ अल्बम काढला, आणि अजून त्याच घरात आहेत. याला म्हणतात कारकीर्द.

रेनकोट: दारात जाणं आणि दारचा माणूस कामाला लावणं यात फरक आहे की नाही? वॉर्नरला रेडिओच्या कामाचे पैसे मिळाले. गाणी, मास्टर्स (म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी), सगळं जोडीकडेच राहिलं. 2013च्या सुरुवातीला ‘थ्रिफ्ट शॉप’ बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधी कंपनीच्या कराराशिवाय तिथे पोचलं होतं 1994चं लिसा लोबचं गाणं. मध्ये जवळजवळ एकोणीस वर्षं कोणी नाही!

आणि तुमच्या राइमसेयर्सचा माल दुकानांत पोचवायचं काम वॉर्नरच्याच वितरण शाखेने केलंय. ॲटमॉस्फिअरचा 2003चा ‘सेव्हन्स ट्रॅव्हल्स’ एपिटाफ या दुसऱ्या कंपनीबरोबर काढला होता. ते विसरलात?

खर्जातला सा: मास्टर्सचं नाव निघालं म्हणून लिहितो. माझे मामा लोकगीतं गायचे. एका कॅसेट कंपनीने एकरकमी पैसे देऊन सही घेतली. पुढे त्यांचीच कॅसेट एसटी स्टँडवर वाजायची आणि मामा खाली उभे राहून ऐकायचे. नंतर दमडी नाही. त्यामुळे रेडिओचं काम कोणी केलं याची मला फिकीर नाही. गाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर, एवढंच सांगा.

मिनेसोटाकर: मामांचं वाचून वाईट वाटलं. पण इथे मुद्दा वेगळा आहे.

खर्जातला सा: हाच मुद्दा आहे.

ठेका: सातबारा राहू दे, ग्रॅमीचं बोला. जानेवारी 2014ला रॅपच्या चारपैकी तीन पुरस्कार आणि वर नवोदितांचा, असे चार या जोडीला. रॅपर केंड्रिक लमारचा ‘गुड किड, मॅड सिटी’ अल्बम समोर असताना! आणि वर मॅकलमोरने केंड्रिकला ‘तुझ्यावर अन्याय झाला’ असा मेसेज केला आणि त्याचा स्क्रीनशॉट इन्स्टाग्रामवर टाकला. माफी मागायची तर दोघांत मागा ना. चारचौघांत मागितलेली माफी स्वतःच्या आरतीसाठी असते.

रेनकोट: मतदान ग्रॅमी देणाऱ्या अकादमीचं, शिव्या मात्र मॅकलमोरला? गोऱ्या रॅपरला काय फुकट मिळतं यावर त्याने 2005मध्येच गाणं केलंय, तेव्हा त्याला सिॲटलबाहेर कुत्रं विचारत नव्हतं.

ठेका: गाणं केलं म्हणून ट्रॉफी घरी न्यायची मुभा मिळते का? ग्रॅमीच्या रॅप समितीने यांना त्या विभागात घ्यायलाच नको म्हटलं होतं, वरच्यांनी तो निर्णय फिरवला. माझ्या काळ्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक वाक्य बोललं नाही. तुम्ही त्याला 2005चं गाणं ऐकवा.

रेनकोट: सहकाऱ्याचं दुःख मान्य. तुमचा सूर मान्य नाही. 2011च्या एप्रिलमध्ये मरिनर्स या सिॲटलच्या बेसबॉल संघाच्या मैदानावर मी होतो. त्यांचे समालोचक डेव्ह नीहाउस आदल्या वर्षी गेले, त्यांच्यावरचं ‘माय ओ माय’ मॅकलमोरने तिथे म्हटलं. शेजारचे म्हातारे टोपी काढून रडत होते. तेव्हा ना रेडिओ होता ना ट्रॉफी. त्या माणसाला ढोंगी म्हणू नका.

मिनेसोटाकर: रडवलं असेल. पण टिकले किती? 2016ला दुसरा अल्बम, 2017ला वेगळे. ॲटमॉस्फिअरचा 2008चा अल्बम पाचव्या क्रमांकावर गेला, तोही रेडिओच्या एका हिटशिवाय. विद्यार्थी असताना मी त्यांच्या फिफ्थ एलिमेंट दुकानातून सीडी घ्यायचो. कार्यक्रम संपल्यावर स्लग टेबलापाशी उभा राहून शेवटच्या पोरापर्यंत सह्या द्यायचा. असे श्रोते रेडिओने मिळत नाहीत.

रेनकोट: टिकण्यात तुमचे सरस, लिहून घ्या. पण एल-पी आणि किलर माइक हे रॅपर तर त्यांच्या ‘रन द ज्युएल्स’ या जोडीचे अल्बम फुकट डाउनलोडला देतात, दौऱ्यांवर कमावतात. त्यांच्यापुढे तुमचा स्लगही व्यापारीच.

मिनेसोटाकर: आता त्यांना मध्ये आणू नका. वॉर्नरचं उत्तर राहिलंच आहे.

खर्जातला सा: उत्तर केव्हाच मिळालं. मास्टर्स जोडीकडे. मामांकडे एक कॅसेटसुद्धा उरली नव्हती.

ठेका: आणि केंड्रिकची ट्रॉफी?