कोजागिरीच्या कविसंमेलनात तिबेटी कवयित्रीला अर्धा तास: योग्य की अयोग्य?

मानेवाडेकर:
नागपुरातल्या आमच्या वस्तीतल्या कोजागिरीच्या कविसंमेलनात यंदा गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतली एक तरुणी प्रमुख कवयित्री होती. तिला अर्धा तास, बाकीच्यांना एकेक कविता. तेव्हापासून कुरबुर सुरू आहे. माझ्या मते अर्धा तास योग्यच होता. गोंदिया जिल्ह्यातली ही वसाहत १९७२ पासूनची. दर हिवाळ्यात आपण या लोकांकडून स्वेटर घेतो, घासाघीस करतो, निघतो. तिच्या कवितेत तिची आई होती, गिऱ्हाइकाच्या खांद्यांवर नुसती नजर टाकून माप सांगणारी. गिऱ्हाईक भाव पाडत राहतं आणि आई काही न बोलता दोरीवरची कानटोपी काढून त्याच्या लेकराच्या डोक्यावर घालून पाहते. आधी तिबेटीत वाचली, मग मराठीत. एवढ्यावरच तिला खाली बसवायचं होतं का?

बुटीबोरीचा भाऊ:
कविता चांगली होती, नाही कोन म्हणते? पन आमच्या पोट्ट्यानं गणपतीपासून तयारी केली अन् त्याले दोन मिनिटांत बसवलं. गोंडीत लिहिणारे आहेत, पोवारीत आहेत, झाडीबोलीतले आहेत. त्याइले कोन प्रमुख पाहुना करते? घरचे उपाशी अन् पाहुण्याले पुरणपोळी!

महालची वाचक:
मला वेळेपेक्षा सूत्रसंचालन खटकलं. निर्वासितांच्या दुःखावर लांबलचक भाषण झालं. मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, मराठी आपल्यासारखी बोलते. टाळ्या पडल्या त्या कीव म्हणून. त्या कानटोपीबद्दल तिला एकानेही काही विचारलं नाही. असा मान मला तरी नको.

मानेवाडेकर:
ताई, सूत्रसंचालनाचं शंभर टक्के मान्य. पण भाऊ, घरचे-पाहुणे हे पटत नाही. भारतात जन्मूनही तिच्याकडे परकीय म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, ठरावीक काळाने नवं करून घ्यावं लागतं. कागद तिला परकी म्हणतोच, वस्तीनेही म्हणायचं? आणि दोन भाषा आपल्या शहराला नव्या नाहीत: नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. मराठी घरातले कवी गजानन माधव मुक्तिबोध इथे राहून हिंदीत लिहीत होते, त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत.

बुटीबोरीचा भाऊ:
मुक्तिबोध इथं नोकरी करत, लोकाइत राहत. त्याइले बाहेरून बोलावून हार नवता घातला. तिनं आधी आमच्या महिन्याच्या बैठकीले यावं, पोराइच्या कविता ऐकाव्या. मंग मंच.

जरीपटक्याहून:
माझे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून इथे आले. सिंधीत कविता लिहायचे. आयुष्यभर एकाही मंचावर वाचली नाही, कारण कुणी बोलावलंच नाही. त्यांच्या वह्या माझ्या कपाटात आहेत. अरबी वळणाची ती लिपी आता आमच्या घरात कुणालाच वाचता येत नाही. भाऊ, नवा माणूस आपणहून बैठकीत येऊन बसत नाही. तो दारातूनच परततो. आधी बोलवावं लागतं.

महालची वाचक:
मग सत्कार कापा ना! शाली-नारळांत पाऊण तास गेला. त्यात एक गोंडी कवी आणि भाऊंचा मुलगा दोघेही आरामात बसले असते.

बुटीबोरीचा भाऊ:
सत्कार कापत असान तर मी पुढच्या खेपेले स्वतः सतरंज्या टाकाले येतो. पन अर्धा तास कोनालेच नाही. तिलेबी दहा मिनिटं, पोट्ट्यालेबी दहा.

मानेवाडेकर:
दहा मिनिटांत दोन भाषांतून कविता होत नाही, भाऊ. मुलाला दहा द्या, गोंडी कवीला अर्धा तास द्या, मी समितीत त्यासाठी भांडेन. तिची वेळ कमी करायला मात्र माझा विरोध राहील.