स्वस्त सर्व्हायव्हल चाकू पारखायचा कशावरून: फुल टँग की धार?

ऐरण
कमी किमतीचा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न दुमडणारा, चाकू पारखताना पोलादाचं नाव वगैरे नंतर. आधी तीन गोष्टी. पातं मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं हवं, म्हणजे फुल टँग. पाठ निदान ४ मिमी जाड हवी. आणि बॅटनिंग, म्हणजे पाठीवर दांडक्याने ठोकून सुकं लाकूड फोडणं, त्याने सोसायला हवं. अडचणीच्या वेळी हाताशी एकच हत्यार असतं. ते कापायला जरा कमी पडलं तर निभावतं, मोडलं तर विषय संपला. म्हणून आधी मजबुती, मग धार. पटत नसेल त्यांनी कारणांसह लिहा.

पाणीदार
अजिबात पटत नाही. मोरा कंपॅनियन हा स्वीडिश चाकू तुमच्या पहिल्या दोन कसोट्यांत सरळ नापास होतो: जाडी २.५ मिमी आणि टँग, म्हणजे पात्याचा मुठीतला भाग, मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. तरीही स्वस्तातला पहिला चाकू म्हणून जाणकार त्याचंच नाव घेतात, कारण पोलादाला पाणी नीट दिलेलं असतं, म्हणजे तापवून-विझवून ते योग्य तेवढं कडक केलेलं असतं, आणि धारेचा कोन पातळ असतो.

जाडी मोजायचीच असेल तर कॅलिपर पाठीला नको, धारेचा बारीक उतार जिथे संपतो त्याच्या लगेच वर लावा. तिथे ०.५ ते ०.७ मिमी असेल तर चाकू लाकडात शिरतो. ५ मिमी पाठीच्या स्वस्त चाकूंत तिथे १ मिमीहून जास्त भरतं, कारण घासकाम कमी केलं की कारखान्याचा वेळ वाचतो. असं पातं लाकूड सोलत नाही, नुसतं दाबत बसतं. मग माणूस जोर लावतो, पातं सटकतं आणि बोट जातं. तुमच्या मजबुतीची किंमत ही. (मोरासारख्या स्कँडी पात्याला वेगळा बारीक उतार नसतो, एकच रुंद उतार थेट धारेपर्यंत येतो. तिथे हे माप लागू नाही.)

ऐरण
मोराच्या मागे अनेक वर्षांचा कारखाना आहे, पाणी देण्याची शिस्त आहे. आपण बोलतोय निनावी चाकूबद्दल. पाणी कसं दिलंय ते डोळ्यांना दिसत नाही, फुल टँग दिसतो. जे दिसतं त्यावर निवड करायची, यात चूक काय?

पाणीदार
दिसतं तेही फसवं असतं. मुठीच्या कडेने लोखंडाची पट्टी दिसते, पण आत वजन कमी करायला मोठमोठी भोकं पाडलेली असतात, आणि पहिलं भोक नेमकं पात्याजवळ, जिथे सगळा ताण येतो तिथे. दुसरं, पातं जिथे अरुंद होऊन मुठीत शिरतं तो कोपरा. तो काटकोनात कापला असेल तर तडा तिथूनच सुरू होतो, मग टँग कितीही लांब असो. गोलाई दिलेला अर्धा टँग काटकोनी फुल टँगपेक्षा जास्त टिकू शकतो.

मूठ रबराची किंवा प्लास्टिकची असेल तर जोरदार निओडिमियम चुंबक मुठीवरून सरकवत न्या. ओढ जिथे संपते तिथे टँग संपला. मुठीच्या बुडाला धातूची टोपी असेल तर तेवढा भाग धरू नका.

कानस
पाणी दिसत नाही हे खरं, पण तपासता येतं, तेही चाकू न मोडता.

पहिली कसोटी कानशीची. नवी, बारीक दातांची कानस मुठीजवळच्या धारेवर हलक्या हाताने एकदाच ओढा. कानस साधारण ६५ रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास असते, चाकू ५६ ते ६० मध्ये हवा. कानस बहुतांशी घसरली आणि जेमतेम खरवडलं तर ठीक. लोण्यासारखी रुतली तर पोलाद मऊ आहे. पाठीवर ही कसोटी करू नका. काही पात्यांची पाठ मुद्दाम मऊ ठेवतात, शिवाय भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळून गेलेला असला तर आतलं पोलाद चांगलं असूनही वरची कातडी मऊ लागते. पात्यावर काळा रंग असेल तर आधी तेवढ्यापुरता खरवडून काढा.

दुसरी पितळी सळईची. ६ मिमीची सळई शिकंज्यात आडवी पकडा, पातं साधारण १५ अंशांत तिच्यावर टेकवून दाबा आणि दिव्याच्या उजेडात धारेकडे बघा. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी योग्य. वाकलेलीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर ठिसूळ. चष्मा घालूनच करा.

ऐरण
ही सळईची कसोटी पातळ धारेवर चालते. जाड कोनाची धार वाकतच नाही, म्हणजे पोलाद अगदी मऊ असलं तरी पास! आणि नवा चाकू कानशीने ओरबाडून मग घ्यायचा की नाही ते ठरवायचं, हे कुठला विक्रेता चालू देईल?

कानस
पहिला मुद्दा मान्य. जाड धारेला सळई काही सांगत नाही, तिथे लाकूडच लागतं. सुक्या, टणक फांदीच्या गाठीतून आडवा काप घ्या, हाताच्या जोराने, न ठोकता. मग १० पट भिंगातून धार बघा. चमकणारे ठिपके म्हणजे धार मुडपली, करवतीसारखे दाते म्हणजे तुकडे उडाले. दोन्ही नसेल तर पातळ कागद पात्याच्या पूर्ण लांबीने कापून बघा, कुठे अडकतो ते कळतं.

दुकानातल्या मुद्द्याला उत्तर नाही. तिथे डोळे आणि बोटं एवढंच चालतं.

रानवाट
दोघंही एक गोष्ट विसरताय. कारखान्याच्या पहिल्या धारेवरून निकाल देऊच नये. फिरत्या घासपट्ट्यावर कोरडी धार काढताना अगदी कडेचं पोलाद तापतं आणि तेवढ्या पट्टीचं पाणी उतरतं, म्हणजे ती मऊ पडते. शिवाय कडेला पातळ पापुद्रा उरलेला असतो. तो नवा असताना केस कापतो आणि चार कापांत मुडपतो. लोक म्हणतात, पोलाद टाकाऊ! १००० ग्रिटच्या ओल्या दगडावर, दोन्ही बाजूंनी २० अंशांत, तीन-चार वेळा धार लावा, पापुद्रा पूर्ण काढा, मग गाठीची कसोटी घ्या. पुष्कळ नापास चाकू इथे पास होतात. तरीही मुडपत असेल तर मात्र पाणीच चुकलंय, त्याला इलाज नाही.

ऐरण
म्हणजे विकणाऱ्याचं अर्धं काम घेणाऱ्याने करायचं?

रानवाट
स्वस्त चाकूत हो. बचत त्याच कामात झालेली असते.

काटेकोर
पोलादाच्या शिक्क्याबद्दल थोडक्यात. ‘सर्जिकल स्टील’ किंवा नुसतं ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर काहीच लिहिलेलं नाही असं समजा. ३सीआर१३ या पोलादात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास, १२सी२७ मध्ये ०.६, १०९५ मध्ये ०.९५. पहिलं कितीही नीट तापवलं तरी धार फार काळ धरणार नाही, पण सहजी गंजणार नाही आणि तुटणारही नाही. डी२ मध्ये १.५ टक्के असतो. धार खूप टिकते, पण ठोकाठोकीच्या चाकूत पातळ धारेचे तुकडे उडतात आणि दगडावर पुन्हा बसवताना घाम निघतो. शिक्का १०९५ असेल तर उघड्या पोलादावर व्हिनेगरचा थेंब अर्धा तास ठेवा. डाग काळवंडला नाही तर ते कार्बन पोलाद नाही. चुंबक चिकटला म्हणून खूश होऊ नका, कडक होणारं स्टेनलेसही चिकटतं. चिकटलाच नाही, तर मात्र तो चाकू ठेवून द्या. ते पोलाद पाणी धरणारंच नाही.

म्यान उलटं करून झटका द्या. चाकू पडला तर बाकीच्या कसोट्या करायची गरजच नाही.

ऐरण
बरं, जाडी ३ मिमीवर आणतो, फुल टँगचा हट्ट सोडतो. पोकळ मुठीचे, आत गळ-दोरा आणि बुडाला होकायंत्र असलेले चाकू मात्र कुणीही शिफारसू नयेत. पातं मुठीला एका नटाने किंवा छोट्या वेल्डने धरलेलं असतं. पाठीवरच्या करवतीबद्दलही तेच. फांदी कापली जात नाही, ठोकताना दांडकं मात्र फाटतं, आणि फेरो रॉड (ठिणग्या पाडायची कांडी) घासायला काटकोनी पाठही उरत नाही. पण बॅटनिंगची कसोटी मी सोडणार नाही.

पाणीदार
करा, पण न्यायाने करा. पातं १० सेंमी असेल तर लाकूड ५-६ सेंमीचंच, सरळ रेषेचं, बिनगाठीचं. टोक लाकडाबाहेर राहायला हवं, कारण ठोके तिथेच द्यायचे असतात, आणि मूठ समपातळीत. मनगटापेक्षा जाड गाठाळ ओंडक्यात चाकू अडकवून मूठ खाली दाबली तर चांगला चाकूही मोडेल, त्यातून कळणार काहीच नाही. ठोकून झाल्यावर टोक दोन बोटांत धरा आणि मुठीवर टिचकी मारा. आवाज घट्ट आला तर जोड शाबूत. बारीक झणझण ऐकू आली तर आत टँग सुटलाय, बाहेरून काही दिसत नसलं तरी.