शाब्लीची २०२१ ची शार्डोने: आंबटपणाची पारख कशी करावी?

प्रश्न

नमस्कार. पॅरिसहून परतताना मी फ्रान्समधल्या शाब्लीच्या २०२१ सालच्या प्रीमिए क्रू, म्हणजे वरच्या दर्जाच्या मळ्यांतल्या, वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. त्यांतली एक गेल्या रविवारी पुण्यात घरी उघडली. यापूर्वी प्यायलेल्या बहुतेक शार्डोने, म्हणजे याच जातीच्या द्राक्षांच्या पांढऱ्या वाइन, उष्ण प्रदेशांतल्या असल्याने पिकलेला अननस, लोणी आणि ओकच्या पिंपातून येणारा व्हॅनिलासारखा गंध माझ्या ओळखीचा झाला होता. या बाटलीत त्यांपैकी काहीच सापडले नाही. वास जेमतेम आला आणि पहिल्याच घोटाला दात आंबले. बाटली थेट फ्रिजमधून काढली होती आणि जेवणात श्रीखंड-पुरी होती. दुसरी उघडण्यापूर्वी समजून घ्यायचे आहे की, हा आंबटपणा थंड वर्षाचा गुण मानावा की उणीव, आणि ते जिभेने ओळखावे कसे?

प्रतिसाद १

अर्धे उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. गोड पदार्थानंतर घेतलेली कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन असते त्याहून आंबट आणि पातळ लागते, शिवाय फ्रिजच्या चार-पाच अंशांवर तिचा गंध पेल्यातून नीट वर येत नाही. गंध दबला आणि आम्ल तेवढे पुढे आले. त्या एका जेवणावरून या बाटलीचा निवाडा करू नये, असे मला मनापासून वाटते.

वर्षाचा भाग मात्र खरा आहे. शाब्ली हा बर्गंडीचा उत्तर टोकाचा, सेरँ नदीच्या दोन्ही तीरांवरचा प्रदेश. एप्रिल २०२१ मध्ये तिथे रात्री पारा शून्याखाली गेला आणि नुकते फुटलेले कोंब करपले. वेलींच्या रांगांमध्ये रात्रभर मेणाच्या मोठ्या बत्त्या पेटवूनही, आणि काही मळ्यांत कोंबांवर पाणी फवारून त्यांना बर्फाचे कवच देऊनही, पीक फार घटले. पुढचा उन्हाळा गार आणि पावसाळी गेला. उष्ण २०२० च्या तुलनेत तोडणी बरीच उशिरा झाली, आणि द्राक्षांत साखर बेताची राहून आम्ल टिकले.

म्हणून आंबटपणा किती आहे यापेक्षा तो कशाच्या आधाराने उभा आहे, हे पाहावे. बाटली दहा-बारा अंशांवर येऊ द्या, पेला तृतीयांशच भरा आणि आधी पेला न हलवता, मग हलवून वास घ्या. हिरवे सफरचंद, लिंबाची साल, पांढरी फुले असे काही मिळते का पाहा. घोट तोंडात फिरवून गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटेल. ते आम्लाचे काम आहे, त्याला दोष देऊ नये. मग मनात सेकंद मोजा. लिंबाची आणि सफरचंदाची चव त्या पाण्याबरोबर रेंगाळत राहिली, तर वाइन चांगली. फळाची चव आधीच विरून मागे नुसती कच्ची, हिरवट धार उरली, तर द्राक्षे पुरेशी पिकली नव्हती, असे खुशाल म्हणावे.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे. एक भर घालतो. थंड वर्षात द्राक्षांत मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदातले आम्ल, अधिक असते. शाब्लीतले बहुतेक उत्पादक जिवाणूंकरवी त्याचे दह्यातल्या लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतात. त्यामुळे धार सौम्य होते आणि तोंडात किंचित साईसारखा मऊपणा येतो. तुमच्या बाटलीत तो शोधाच. कडक आम्लाखाली हा मऊपणा सापडणे हीच माझ्या मते थंड वर्षातल्या चांगल्या शाब्लीची खूण आहे.

शाब्लीच्या वर्णनांत खडू, ओला दगड, शिंपले हे शब्द भेटतील. तिथल्या किमेरिजियन (एका प्राचीन भूशास्त्रीय काळातल्या) चुनखडी-मातीत इवल्या कालवांचे जीवाश्म खरोखरच आहेत, परंतु त्या शिंपल्यांची चव मुळांवाटे द्राक्षात उतरते, असे समजू नये. जमिनीतून वेलीत जाणारी खनिजे अत्यल्प असतात आणि त्यांना वासही नसतो. ते शब्द उपमा म्हणून वापरावेत. उपमा म्हणून ते फार नेमके आहेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. काल दुसरी बाटली फ्रिजमधून काढून वीस मिनिटे बाहेर ठेवली आणि सोबत मसाला न घालता, नुसत्या मिठावर वाफवलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) घेतल्या. सुरुवातीला फक्त लिंबाची साल जाणवली. अर्ध्या तासाने हिरव्या सफरचंदाबरोबर ओल्या खडूसारखा वास स्पष्ट आला, आणि तिसऱ्यांच्या खारटपणापुढे तोच आंबटपणा अगदी योग्य वाटला. गिळल्यानंतर मी बारापर्यंत मोजले, तेव्हाही सफरचंद जिभेवर होते. साईसारखा मऊपणा मात्र अगदी पुसट होता, आणि घोटाच्या मध्यभागी वाइन थोडी सडपातळ वाटली, हे नोंदवतो. उरलेली अर्धी बाटली बूच लावून ठेवली आहे. आज रात्री पुन्हा चाखून लिहीन.