हुतात्मा पोलिसाच्या अंत्यविधीला जाताना काय पाळायचं?

तालुक्याचा_पोरगा: गडचिरोलीत चकमकीत वीरमरण आलेल्या पोलीस जवानाचा अंत्यविधी उद्या शेजारच्या गावात शासकीय इतमामात आहे. आमच्या मंडळाची तीसेक पोरं जाणार. कुठं उभं राहायचं, पुष्पचक्र कधी वाहायचं? काहीजण मोठा तिरंगा आणून पार्थिवावर घालू म्हणतात. दोघं होमगार्ड आहेत, त्यांनी सॅल्यूट करायचा का?

परेड_मैदान: दहा वाजता असं कळवलं असेल तर दुपार धरा. शवविच्छेदन, मग जिल्हा मुख्यालयात मानवंदना, मग गाव, त्यात वाटेत लोक गाडी थांबवून फुलं वाहतात. पाणी सोबत ठेवा. दुचाकी स्मशानभूमीच्या वाटेवर लावू नका, शववाहिनी आणि सलामी पथकाची गाडी तिथंच अडकते.

आधी घरचे, मग मंत्री-अधिकारी पुष्पचक्र वाहतात, त्यानंतर मंडळं. तीस जणांचं मिळून एकच चक्र पुरे, दोघांनी ठेवायचं, नमस्कार करून बाजूला. फोटोसाठी रेंगाळू नका.

'अमर रहे' घोषणा वाटेत हव्या तेवढ्या द्या, पण हुकूम सुरू झाले की गप्प. 'शोक शस्त्र'ला रायफलींची नळी खाली जाते, जवानांच्या माना झुकतात. घोषणांत हुकूम ऐकू गेला नाही तर फैरी एकदम न सुटता तडतडतात, आणि ते फार वाईट दिसतं. बिगुलावर लास्ट पोस्ट ही शोकधून संपली की लोक हलायला लागतात. थोड्या शांततेनंतर राउज ही दुसरी धून वाजते, तोवर सावधान.

होमगार्ड गणवेशात, टोपीसह असतील तर सॅल्यूट. साध्या कपड्यांत नुसतं सावधान उभं राहायचं. भरतीवाल्या पोरांनी खाकी टी-शर्ट घालून सॅल्यूट ठोकू नये.

शस्त्रागार: फैरींबद्दल थोडं. काडतुसं कोरी असतात, गोळी नसते, तरी नळीतून जाळ आणि गरम वायू जोरात बाहेर पडतो. पथकासमोर किंवा समोरच्या झाडावर कुणी चढू नये. एसएलआर रायफल कोऱ्या काडतुसावर आपोआप भरत नाही, दर फैरीला हाताने खटका ओढून भरावी लागते. म्हणून मध्ये वेळ जातो. पहिल्या फैरीनंतर 'झालं' समजून पुढं धावू नका, तीन होतात. लहान पोरं मागं ठेवा, जवळ बैल बांधलेले असतील तर आधीच हलवा. रिकाम्या पुंगळ्या आठवण म्हणून उचलू नका, त्या मोजून जमा कराव्या लागतात.

ध्वजसंहिता_वाचा: स्वतःचा तिरंगा पार्थिवावर घालू नका, तो मान शासकीय अंत्यविधीचा आणि ते काम पथकाचं. ध्वज घालताना केशरी पट्टा डोक्याकडं येतो. ध्वज चितेत जाळायचा नाही, पुरताना खड्ड्यातही सोडायचा नाही. त्यामुळं अग्नीआधी तो काढून, घडी घालून घरच्यांकडं देतात. त्या क्षणी मोबाईल घेऊन जवानाच्या घरच्या बाईंच्या तोंडासमोर जाणं मला तरी असह्य वाटतं. घरी काढलेला मोठा तिरंगा घरीच राहू द्या.

परेड_मैदान: फोटोत सी-६०च्या (गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी पथक) जवानांचे चेहरे असतील तर टाकू नका. ते उद्या पुन्हा जंगलात जाणार आहेत.

तालुक्याचा_पोरगा: तिरंगा रद्द. पुढं कधी जावं?

ध्वजसंहिता_वाचा: तेराव्यानंतर घरी. आणि २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी. १९५९ साली लडाखच्या हॉट स्प्रिंग्समध्ये चिनी हल्ल्यात सीआरपीएफचे १० जवान पडले, तो दिवस. वर्षभरातल्या हुतात्म्यांची नावं त्या दिवशी परेडवर वाचली जातात.